नायकाची खोड

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की लोहा मागे पडतं आणि अहमदपूरच्या अलीकडे माळेगाव येतं. एरवी एसटीतून उतरायचं काही कारण पडू नये, असं हे गाव. पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली की खंडोबाच्या यात्रेसाठी माळावर राहुट्या उठतात. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी जनावरं यांनी माळ भरून जातो. देवस्वारी निघते तेव्हा बेलभंडाऱ्याने माणसंही पिवळी होतात आणि रस्ताही.

घोडेबाजारात जरा वेळ उभं राहावं. गिऱ्हाईक आधी घोड्याचे दात बघतं. मग खूर उचलतं, पाठीवरून हात फिरवतं, अंगावरचे भोवरे शोधतं, दहा पावलं चालवून आणायला लावतं. सगळं पसंत पडलं की मालकाच्या तोंडाकडे बघत हळूच विचारतं, "खोड काय हाय?" खोडच नाही म्हणणाऱ्या मालकावर कुणाचा विश्वास बसत नाही. लाथ झाडतो, पाण्याला बुजतो, डाव्या अंगाने चढू देत नाही, काहीतरी असणारच. ते एकदा कळलं की सौदा पुढे सरकतो.

सुपरहीरोचा पहिला सिनेमा बघणारा प्रेक्षक खुर्चीत बसून हेच करत असतो. हा कोण, कुठला, त्याला शक्ती मिळाली कशी, मुखवटा का चढवला, हे सांगणाऱ्या सिनेमाला आपण उगमकथा म्हणू. अशा सिनेमात सगळ्यात जास्त पैसा शक्ती दाखवण्यावर खर्च होतो. पण वीस वर्षांनी आठवतो तो प्रसंग बहुतेक वेळा शक्तीचा नसतो, खोडीचा असतो. या प्रकरणात असे काही प्रसंग जवळून बघू. सुरुवात मात्र सिनेमापासून नको, माळेगावच्या माळावरूनच करू.

दिवटीच्या उजेडातली उगमकथा

खंडोबाचं जागरण म्हणजे रात्रभर चालणारी उगमकथा. चौक भरतात, पाच ऊस उभे करतात, घट मांडतात, दिवटी पेटते. दिमडी आणि तुणतुणं सुरू झालं की वाघ्या कथेला हात घालतो. भाविकाला खंडोबा देव आहे, सुपरहीरो नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. इथे बघायची ती फक्त कथेची बांधणी.

'मल्हारी माहात्म्या'तली कथा थोडक्यात अशी. मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ मणिचूल पर्वतावर तप करणाऱ्या ऋषींना छळतात. ऋषी इंद्राकडे जातात, विष्णूकडे जातात. पण दैत्यांना ब्रह्मदेवाचा वर असल्याने दोघांचाही इलाज चालत नाही. शेवटी शंकर मार्तंडभैरवाचं रूप घेतो, जटेतून घृतमारी ही शक्ती निर्माण करतो, सात कोटींचं सैन्य घेऊन उतरतो आणि युद्ध होतं. 'येळकोट' या जयघोषाचा अर्थ कानडी 'एळु कोटि', म्हणजे सात कोटी, असा सांगतात. देगलूर-उदगीरकडच्या माणसाला तो समजावून द्यावा लागत नाही.

यात शक्ती आधी शत्रूला मिळालेली आहे, हे लक्षात घ्या. नायक येतो तो त्या शक्तीला उत्तर म्हणून. पुढचं तर आणखी नवलाचं आहे. मणी शरण येतो आणि आपला पांढरा घोडा देवाला देतो. खंडोबाच्या प्रत्येक तसबिरीत दिसणारा घोडा तो हाच. मल्ल मरताना मागतो, की माझं नाव तुझ्या नावाआधी लागू दे. म्हणून मल्लाचा अरी तो मल्हारी. म्हणजे नायकाचं वाहन शत्रूकडून आलं आणि नावही शत्रूकडून आलं. युद्धाचं वर्णन ऐकताना पोरं पेंगतात. मणीच्या घोड्याची गोष्ट मात्र घरी जाताना आजीला पुन्हा विचारतात.

जागरणाच्या शेवटी लंगर तोडतात. लंगर म्हणजे लोखंडी साखळी. वाघ्या ती ताणून झटका देतो. साखळी तुटली की जयघोष होतो खरा, पण सगळ्यांचा श्वास अडकलेला असतो तो त्याच्या आधी, साखळी ताणली गेलीय आणि अजून तुटत नाहीये तेव्हा. उगमकथेचा सगळा जीव त्या ताणात असतो.

पोटचं पोर वाटेला लावणं

सुपरमॅन कागदावर जन्मला १९३८ साली. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी त्याला घडवलं. पडद्यावरची त्याची गाजलेली उगमकथा म्हणजे रिचर्ड डॉनरचा १९७८ चा 'सुपरमॅन'. क्रिप्टॉन ग्रह फुटणार हे ओळखलेला बाप आपलं तान्हं लेकरू यानात घालून पृथ्वीकडे पाठवतो. आपल्याकडे पेटीत घालून नदीत सोडलेला कर्ण आहे, टोपलीतून यमुना ओलांडणारा कृष्ण आहे. त्यामुळे हा प्रसंग मराठी प्रेक्षकाला परका वाटत नाही.

लातूरला याचं घरचं उदाहरण आहे. बाभळगावच्या रितेश देशमुखचा 'लय भारी' २०१४ साली आला, दिग्दर्शक निशिकांत कामत. सिनेमा सुपरहीरोचा नव्हे. पण त्याची मांडणी उगमकथेची आहे. मूल होत नाही म्हणून आई पंढरपूरला जाते आणि पहिलं लेकरू विठ्ठलाच्या पायी वाहण्याचा नवस बोलते. पुढे नायक मारामाऱ्यांत माणसं हवेत उडवतो, त्याच्या अंगात ते बळ कुठून आलं हे सिनेमाने वेगळं सांगायची गरज पडत नाही. पंढरीत वाढलेला, नवसाचा आहे एवढं पुरतं. क्रिप्टॉनचं विज्ञान आणि पंढरपूरचा नवस, दोन्ही एकच काम करतात: नायकाला जन्मतःच कुणाचं तरी देणं लागू करून ठेवतात.

डॉनरच्या सिनेमातला खरा घाव मात्र यान उडतं तेव्हा बसत नाही. तो बसतो शेतावर. तरुण क्लार्क आणि त्याला वाढवणारा शेतकरी बाप जोनाथन केंट बोलत घराकडे निघालेले असतात. बापाला हुरूप येतो, पळायची शर्यत लावू म्हणतो. दोन पावलं टाकतो आणि हात धरून थांबतो. हृदयविकाराचा झटका. रेल्वेच्या पुढे धावणाऱ्या पोराला बापाचं हृदय चालू ठेवता येत नाही. स्मशानात तो आईजवळ एवढंच बोलतो, की इतकी ताकद असून मी यांना वाचवू शकलो नाही. शक्ती कुठे संपते, हे अजून अंगात तो वेश चढायच्या आधीच सांगून टाकलेलं आहे.

पहिल्यांदा पाण्यात पडताना

मराठवाड्यात पोहणं शिकवतात ते विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि थोरल्या भावाने वरून ढकलून द्यायचं. नाकातोंडात पाणी जाणं, हातपाय झाडणं, काठावरच्यांचं हसणं, हे सगळं जन्मभर आठवतं. नीट पोहायला कधी लागलो, तो दिवस कुणालाच सांगता येत नाही.

सॅम रायमीच्या २००२ च्या 'स्पायडरमॅन'मध्ये नेमकं हे आहे. कोळी चावलेला पीटर पार्कर गच्चीवर उभा राहून मनगटातून जाळं सोडायचा प्रयत्न करतो. बोटं अशी दुमडून बघतो, तशी दुमडून बघतो, तोंडाने काहीबाही मंत्र म्हणतो. जाळं सुटतं, तो झोका घेतो आणि समोरच्या जाहिरातीच्या भिंतीवर जाऊन आपटतो. २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये टोनी स्टार्क पायातल्या यंत्राला अवघी दहा टक्के ताकद देतो आणि छताला जाऊन थडकतो. वरून त्याचाच यांत्रिक हात त्याच्यावर आग विझवायचा फवारा मारायला टपलेला. हे प्रसंग विनोदी आहेत, पण त्यांचं काम विनोदाचं नाही. नायक आपल्यासारखाच नवशिका आहे हे एकदा डोळ्यांनी बघितलं, की नंतर तो गगनचुंबी इमारतींमधून झोके घेतो तेव्हा आपणही त्याच्यासोबत असतो. आपटलेलं बघितलेलं असतं ना आपण!

बेसिल जोसेफच्या 'मिन्नल मुरली' (२०२१) या मल्याळम सिनेमाने यात एक पीळ घातला. एकाच रात्री गावातल्या दोघांवर वीज पडते, एक शिंपी आणि एक चहाच्या दुकानात राबणारा. दोघांनाही सारखीच शक्ती येते. एक नायक होतो, दुसरा खलनायक. वळवाच्या पावसात वीज पडून माणसं-जनावरं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचणाऱ्या आपल्या मुलखात वीज ही काही गंमत नव्हे. सिनेमा आपल्याला विचारायला लावतो: वीज तीच, मग फरक कुठे पडला? उत्तर विजेत नाही. चहावाल्याला गावाने आयुष्यभर जसं वागवलं त्यात आहे. मणी-मल्लाच्या कथेत वर देणाऱ्याने विचार केला नव्हता, इथे विजेने केला नाही.

फडातली कुस्ती आणि सोडून दिलेला चोर

माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो. हलगी कडाडते, पैलवान माती कपाळाला लावतो, आणि शेवटच्या कुस्तीच्या इनामाचा आकडा पुकारला जातो. फडात एक गोष्ट पक्की असते: पुकारलेलं इनाम दिलं गेलंच पाहिजे. ते बुडवणाऱ्याच्या फडात पुढच्या वर्षी पैलवान उतरत नाहीत.

'स्पायडरमॅन'मधला सगळ्यात मोठा प्रसंगही कुस्तीच्या फडातच घडतो. पीटरला गाडी घ्यायचीय, एका मुलीवर छाप पाडायला. जाहिरात असते: मल्लासमोर तीन मिनिटं टिका, तीन हजार डॉलर न्या. तो घरी शिवलेला, कोळी रंगवलेला सदरा घालून उतरतो आणि डोंगराएवढ्या मल्लाला दोन मिनिटांत लोळवतो. फडाचा मालक हातावर शंभर डॉलर टेकवतो. तीन मिनिटं म्हटलं होतं, तू दोनच खेळलास. पीटर पैशांची गरज सांगू लागतो, तर मालक म्हणतो, त्याच्याशी माझा काय संबंध.

एवढ्यात एक चोर त्या मालकाचा गल्ला लुटून पळत येतो. पीटर वाटेतच उभा असतो. एक पाय आडवा घातला असता तरी काम झालं असतं. तो बाजूला सरकतो आणि चोराला जाऊ देतो. मालक ओरडतो, तेव्हा त्याचंच वाक्य त्याला परत करतो.

इथे थिएटरात टाळी पडते, आणि पडायलाच हवी, कारण तो आपल्याही मनातला हिशेब असतो. इनाम बुडवणाऱ्याची जिरली! काही मिनिटांनी पीटर बाहेर येतो, तर रस्त्याच्या कडेला गर्दी, आणि मधे त्याला बापासारखं वाढवलेला बेन काका गोळी लागून पडलेला. मारेकरी तोच चोर. आपण वाजवलेली टाळी आपल्याच गालावर परत येते. बळ आलं की जबाबदारी येते, हे काकाने त्याच दिवशी गाडीत बसून समजावलेलं असतं आणि पोराने त्याला उलट बोलून घेतलेलं असतं. ते वाक्य पुढे जगभर सुविचारासारखं फळ्यावर लिहिलं गेलं. पण या प्रसंगाचं वजन वाक्यात नाही, बाजूला सरकलेल्या त्या एका पावलात आहे.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण म्हणतो. पीटरची खोड गेली, पण त्यासाठी मरावं लागलं ते दुसऱ्याला. पुढचं सगळं आयुष्य तो त्या एका पावलाची भरपाई करत राहतो.

मुखवट्याच्या आत

मुखवटा का घालायचा, याचं उत्तर प्रत्येक उगमकथेला द्यावं लागतं. राकेश रोशनच्या 'क्रिश'मध्ये (२००६) ते फार नेटकं दिलं आहे. शक्ती कुणाला दाखवणार नाही, असा शब्द नायकाने आजीला दिलेला असतो. सिंगापुरात सर्कशीला आग लागते, आत मुलं अडकतात. शब्द मोडावा की मुलं मरू द्यावीत? जमिनीवर पडलेला तुटका काळा मुखवटा तो उचलून तोंडाला लावतो, अंगातला कोट उलटा करून घालतो आणि आत शिरतो. मुखवटा म्हणजे दिलेला शब्द पाळण्याची ऐनवेळी काढलेली पळवाट.

'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये (२००५) उत्तर विहिरीत आहे. लहानगा ब्रूस पडक्या विहिरीत पडतो, वटवाघळांचा थवा त्याच्या अंगावरून जातो, आणि बाप दोराने खाली उतरून त्याला वर काढतो. मोठेपणी तो जे सोंग घेतो ते वटवाघळाचंच. मल्हारीने शत्रूचं नाव घेतलं, याने आपल्या भीतीचं रूप घेतलं.

सोंग घेऊन राहण्यात आपला खंडोबाही मागे नाही. बानूवर मन जडल्यावर तो धनगरवाड्यात मेंढक्या म्हणून राहतो, मेंढरं राखतो. साक्षात देव काठी घेऊन मेंढरांमागे हिंडतोय हे वाड्यात कुणालाच ठाऊक नसतं. चश्मा लावून वर्तमानपत्राच्या कचेरीत बावळटपणे वावरणारा क्लार्क केंट जागरणात बसलेल्या माणसाला नवा कसा वाटावा?

माळेगावच्या 'ळ'चा 'ल' केला की नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव येतं. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने आपल्या मित्रांना घेऊन 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. सुपरमॅन झाला शफीक, हाडकुळा यंत्रमाग कामगार. फैजा अहमद खानच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हे चित्रीकरण दिसतं: हिरवं कापड मागे लावून, शफीकला आडवा धरून आकाशात उडवण्याची खटपट. गावातली घाण आणि तंबाखू यांच्याविरुद्ध लढणारा हा सुपरमॅन. २०११ साली शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला. हे कळल्यावर तो माहितीपट पुन्हा बघावा. लाल चड्डीतला तो किरकोळ माणूस हसवतो, आणि हसता हसता आपला घसा दाटतो.

तीन वाजून छप्पन्न मिनिटं

आता डॉनरच्या 'सुपरमॅन'चा शेवट. लेक्स लुथर दोन क्षेपणास्त्रं सोडतो, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. लुथरच्या गोटातल्या एका बाईची आई पूर्वेकडच्या गावात राहते. आधी पूर्वेकडचं अडवशील तरच सोडवते, असा शब्द घेऊन ती सुपरमॅनला मोकळं करते. तो शब्द पाळतो आणि म्हणूनच पश्चिमेला पोचायला उशीर होतो. कॅलिफोर्नियात भूकंप होतो. जमिनीच्या भेगेत अडकलेल्या गाडीत माती भरत जाते आणि लोइस गुदमरून मरते. सुपरमॅन तिला बाहेर काढतो, मांडीवर घेतो. मग किंकाळी फोडून आकाशात झेपावतो, पृथ्वीभोवती उलट्या दिशेने गरगर फिरतो, काळ मागे जातो आणि लोइस जिवंत होते.

जगभरात या शेवटावर वाद झाले. लातूर जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला त्या वादात पडायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. सुमारे १०,००० माणसं गेली, आणि ती बहुतेक घराखालीच गेली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं वजनदार माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर त्या पहाटे अंगावर आलं. आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्या भागात धक्के जाणवून गेले होते.

ज्याने ढिगाऱ्यातून हाताने माती उपसली आहे, त्याला गाडीत भरत जाणारी माती कळते. तिथपर्यंत तो पडद्यावरच्या माणसासोबत असतो. दोन ठिकाणी एकाच वेळी पोचता येत नाही, शब्द पाळला तरी कुणीतरी मरतं, हे त्याला सुपरमॅनपेक्षा जास्त माहीत आहे. पण पृथ्वी उलटी फिरायला लागली की तो पाठ टेकून मागे बसतो. इथे घोड्याच्या मालकाने सांगितलं, की याला काहीच खोड नाही. एवढी ताकद होती तर बापाला का वाचवलं नाही, हा प्रश्न सिनेमाने स्वतःच स्मशानात उभा केला होता. शेवटी तो पुसून टाकला. म्हणून त्या सिनेमातला खरा शेवट स्मशानातलाच मानावा. काळ मागे नेण्याचा प्रसंग डोळ्यांना दिपवतो, मनात मुक्कामाला राहत नाही.

किल्लारीत पृथ्वी कुणी उलटी फिरवली नाही. ढिगारे उपसले गेले, नव्या जागी गावं वसली, घरांवरचं माळवद गेलं. भूकंपानंतर कितीतरी लोक पक्की घरं मिळूनही पत्र्याच्या शेडमध्येच झोपत राहिले, कारण डोक्यावर पत्रा असला तर पडला तरी माणूस मरत नाही. ज्याला भिंतीची खोड कळली, तो भिंतीवर इतक्यात पुन्हा विश्वास टाकत नाही.

उगमकथा बघताना एक युक्ती करून बघा. शक्ती येते तो प्रसंग आला की घड्याळ बघू नका. ती पहिल्यांदा कमी पडते तेव्हा बघा. चांगल्या सिनेमात हे दोन प्रसंग एकमेकांपासून फार लांब नसतात. माळेगावच्या बाजारातलं गिऱ्हाईक हे शिकायला कुठे थिएटरात गेलेलं नाही. घोडा उधळतो, पाण्याला बुजतो असं मालक खाली मान घालून सांगतो, तेव्हा ते नुसतं मान हलवतं आणि लगामाला हात घालतं.